फाशीची सूचना घरच्यांना वेळेत मिळावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फाशीची शिक्षा असावी की नसावी, हा वाद येथे उकरून काढायचा नाही. ती कायद्यात आहे तोवर कैद्याच्या घरच्यांशी सरकारने कसे वागावे, एवढाच मुद्दा आहे. ९ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी अफझल गुरूला तिहार तुरुंगात फाशी देण्यात आली. त्याबाबत पत्नीला कळवणारे स्पीड पोस्टचे पाकीट काश्मीरमधील घरी पोहोचले ते ११ तारखेला. तोवर तुरुंगाच्या आवारातच दफनही उरकले होते. संसदेवरील हल्ल्याविषयी मनात कितीही संताप असो, त्याच्या पत्नीला आणि मुलाला कोणत्याही न्यायालयाने शिक्षा सुनावलेली नव्हती.

पुढच्याच वर्षी शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दयेचा अर्ज फेटाळल्याचे कैद्याला व कुटुंबाला लेखी कळवणे, त्यानंतर फाशीपर्यंत किमान १४ दिवस जाऊ देणे आणि अखेरची भेट घडवून आणणे तुरुंग प्रशासनावर बंधनकारक केले. बेलारूसमध्ये मुलाच्या देहदंडाची तारीख आणि दफनाची जागा आईपासून लपवली गेली, तेव्हा ही त्या आईलाच दिलेली अमानुष वागणूक आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २००३ मध्ये ठरवले. ज्या कराराच्या आधारे ते ठरवले, तो भारताने १९७९ मध्येच स्वीकारला आहे.

मृतदेह दिल्यास कायदा व सुव्यवस्था बिघडेल, ही नेहमीची सबब. परंतु याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात फाशी दिल्यावर मृतदेह कुटुंबाच्या ताब्यात दिला गेला आणि त्याच दिवशी मुंबईत दफन झाले. म्हणजे मनात आणले तर हे जमते.

फाशीच्या समर्थकांनाही कार्यपद्धतीची ही शिस्त परकी वाटू नये. पुण्यातील बीपीओ कर्मचारी तरुणीच्या हत्येच्या खटल्यात दयेचा अर्ज २०१७ मध्ये फेटाळला गेला, पण फाशीचे वॉरंट निघायला २०१९ चा एप्रिल उजाडला आणि या दिरंगाईपायी उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली. त्या तरुणीच्या आईवडिलांनाही सरकारी ढिलाईच भोवली.

फाशीची सोय असलेली येरवडा आणि नागपूर ही दोन्ही कारागृहे आपल्याच राज्यात आहेत. तेथून निघणारी सूचना केवळ टपालावर न सोडता स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत, घरच्यांना समजेल अशा भाषेत, हाती देऊन तिची पोच घ्यावी आणि गरीब कुटुंबाच्या अखेरच्या भेटीचा प्रवासखर्च राज्य सरकारने उचलावा, असे परिपत्रक गृह विभागाने काढावे, ही विनंती.

— एक वाचक, सातारा