घरगुती धंद्याच्या यादीत तासांचा रकानाही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणवार जवळ आले की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘थोड्या भांडवलात घरबसल्या व्यवसाय’ अशा याद्या येऊ लागतात. मेणबत्त्या, केक, डबे, मसाले, शिवण, शिकवण्या सगळं एका रांगेत, आणि प्रत्येकापुढे लागणाऱ्या रुपयांचा आकडा. घरी राहून लहान मूल सांभाळणाऱ्या आईला किंवा बाबांना त्या आकड्यावरून निवड करता येत नाही. पाच-दहा हजार कसेही उभे राहतात. त्यांच्याजवळ नसतो तो सलग वेळ, आणि त्याचा उल्लेख यादीत कुठेच नसतो.

म्हणून कोणतंही काम निवडण्याआधी एकच गोष्ट तपासावी. मूल रडत उठलं तर हातातलं काम तिथेच ठेवून उठता येईल का? डब्यांचा धंदा स्वस्तात सुरू होतो, भांडी घरचीच असतात. पण डबा ठरलेल्या वेळी निघायलाच हवा, मूल तापाने फणफणलेलं असलं तरी. चार खाडे झाले की ग्राहक दुसरीकडे जातो. घरात दुसरं मोठं माणूस नसेल तर मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत डबे घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. केकचंही तेच. वाढदिवस पुढे ढकलता येत नाही.

याउलट साडीला हाताने फॉल लावताना सुई कुठेही थांबवता येते. सुरुवातीला सुया, कात्री, इस्त्री आणि नेहमी लागणाऱ्या रंगांचे फॉल व दोरे एवढं पुरतं. पिकोचं यंत्र लगेच घेऊ नये. पिको बाहेरून करून आणावा, साड्यांचा ओघ ठरला की मग यंत्राचं पाहावं. या कामात तक्रार येते ती बहुधा एकाच कारणाने: सुती फॉल न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीच्या काठाला चुण्या पडतात. फॉल आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावावा. गडद फॉल रंग सोडतो का, हेही भिजवतानाच कळतं.

खाण्याच्या पदार्थांतच काही करायचं असेल तर कोरडे, टिकणारे पदार्थ घ्यावेत: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी. भाजणीचं काम तुकड्यांत विभागता येतं. निवडणं, मोजणं, लेबलं लावणं मुलाच्या झोपेत होतं. फक्त भाजणं सलग लागतं आणि तेव्हा मूल गॅसपासून लांब, दुसऱ्या कुणाजवळ हवं. तेवढे अडीच तास आठवड्यातून एकदा मिळत असतील तरच हे काम धरावं.

एका घाण्यासाठी २ किलो ज्वारी, १ किलो बाजरी, १ किलो तांदूळ, १ किलो हरभऱ्याची डाळ, अर्धा किलो उडीद, अर्धा किलो गहू, २०० ग्रॅम धणे, ५० ग्रॅम जिरे. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजायचं. सगळं एकत्र टाकलं तर धणे-जिरे करपतात आणि ज्वारी कच्चीच राहते. भाजलेलं धान्य कापडावर पसरून पूर्ण गार करावं. गिरणीत आपल्या आधी कुणाची मिरची दळलेली नसावी, आणि पहिलं ओंजळभर पीठ वेगळं काढावं. उपवासाची भाजणी बाहेरच्या गिरणीतून आणून विकूच नये. जात्यात गव्हाचं पीठ राहतंच, आणि घेणारा विश्वासाने घेतो. ती करायची तर घरघंटी हवी.

भाजणी बिघडण्याचं मुख्य कारण म्हणजे घाई. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. तसंच पिशवीत भरून तोंड सीलबंद केलं की वाफ आत जमते, गुठळ्या होतात, मग बुरशी. पीठ परातीत पसरून हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबावं. पावसाळ्यात ते रात्रभर उघडं ठेवू नये, हवेतला ओलावा ओढून घेतं. गोडा मसाला मात्र सुरुवातीला टाळावा. त्यातलं खोबरं आणि तीळ तेलकट असल्याने लवकर खवट होतात, आणि एक खवट पाकीट पुढची दहा गिऱ्हाइकं घालवतं. प्रत्येक घाण्यातलं एक छोटं पाकीट तारीख टाकून बाजूला ठेवावं आणि दर पंधरा दिवसांनी थोडं काढून वास, चव पाहावी. ‘किती दिवस टिकेल’ हे त्यावरून ठरवावं, दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवू नये. मे महिन्यातल्या घाण्याचा अनुभव जुलैत चालत नाही.

आता किमतीचं बोलू, कारण चांगला माल करणारी घरंही इथेच बसतात. वरचं धान्य सव्वासहा किलो भरतं. भाजताना ओलावा उडतो, थोडं पीठ गिरणीत राहतं, म्हणून हाती ५ किलो ८०० ग्रॅमच्या आसपास आलं असं धरू. म्हणजे अर्ध्या किलोची ११ पाकिटं आणि चाचणीचं छोटं पाकीट. दर आपापल्या बाजाराचे घालावेत, रीत अशी: धान्य ४४० रुपये, दळण ७०, गॅस ४०, पिशव्या-लेबलं ७७. एकूण ६२७, म्हणजे पाकिटामागे ५७ रुपये. बहुतेक जण इथेच थांबून ८० रुपये किंमत ठेवतात आणि तेवीस रुपये सुटले म्हणून खूश होतात. निवडणं, भाजणं, गिरणी, पॅकिंग, पोचवणं मिळून ८ तास जातात. तासाला ६० रुपये धरले तरी ४८० होतात, पाकिटामागे ४४. खरा खर्च १०१. दुकानदाराने २० टक्के घेतले तर १३० रुपये छापील किमतीवर हातात १०४ येतात. उलट ८० रुपयांत थेट गिऱ्हाइकाला विकलं तरी आपण तासाला ३२ रुपयांनी राबतो, आणि दुकानातून विकलं तर जेमतेम दहा रुपयांनी. ‘घरीच तर करते, माझ्या वेळेचे काय पैसे’ हे वाक्य घरातल्यांनी बोलू नये आणि करणाऱ्यानेही मनात आणू नये.

श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापडाचं उदाहरण सगळेच देतात. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, हे पाठ असतं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद राहिलं आणि पुढच्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवली गेली, हे फारसं सांगितलं जात नाही. त्याहून महत्त्वाची त्यांची कामाची वाटणी: पीठ एका जागी मळायचं, बाईने ते घरी न्यायचं, आपल्या सवडीने लाटायचं आणि मोजून परत द्यायचं. खरेदी आणि विक्री तिच्या डोक्यावर नाही. दोन-तीन शेजारणींनी मिळून अशी वाटणी केली, एकीकडे भाजणं, दुसरीकडे पॅकिंग, तर एकटीला न झेपणारा धंदा तिघींना झेपतो.

कागदपत्रांना घाबरायचं कारण नाही, पण ती टाळूही नयेत. खाद्यपदार्थ विकायचे तर ‘एफएसएसएआय’ या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. लहान उत्पादकासाठी तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे आणि ती ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर स्वतःच करता येते. मिळालेला १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. सोबत घटक जास्त ते कमी या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बनवल्याची तारीख, घाण्याचा क्रमांक, शाकाहारीची हिरवी खूण, नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. विक्रीसाठी वापरायच्या वजनकाट्यावर वैधमापन विभागाची पडताळणी हवी, स्वयंपाकघरातला पंधरा ग्रॅम इकडे-तिकडे दाखवणारा काटा चालत नाही. घरगुती सवलतीचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसतं. ५ किलोचा व्यावसायिक सिलिंडर मिळतो, गॅसचा खर्च त्याच दराने धरावा. लघुउद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये.

शेवटी आपल्याला एक विनंती. याद्यांच्या शेजारीच ‘घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिना तीस हजार’ आणि ‘मशिन घ्या, तयार माल आम्ही उचलू’ अशा छोट्या जाहिराती असतात. पहिल्या प्रकारात आधी नोंदणीचे पाचशे मागतात, मग ओळखपत्राचे, मग कुरिअरचे, आणि माल कधीच येत नाही. दुसऱ्यात वाती, अगरबत्ती किंवा कागदी द्रोणांचं यंत्र चढ्या भावाने गळ्यात मारतात. पहिला माल उचलतात, नंतर ‘दर्जा नाही’ म्हणून परत करतात, आणि करारात दर्जा कोण ठरवणार याची ओळ नसते. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर ते काम नव्हे. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करावा, उशीर झाला तर रक्कम पुढच्या खात्यांत पांगते आणि थांबवणं कठीण होतं.

काम देण्यासाठी अनामत मागणाऱ्या जाहिराती आपण छापू नयेत. आणि पुढची यादी छापाल तेव्हा प्रत्येक धंद्यापुढे भांडवलाशेजारी आणखी दोन रकाने द्यावेत: आठवड्याला किती तास, त्यातले सलग किती.

आपल्या,
बचत गटांना हिशेब आणि पॅकिंग शिकवणाऱ्या काही वाचक, सातारा