दगडं फोडून पोट भरतं का?

चोपडा

प्रिय बापू,

तुझ्या लेकीला भूशास्त्र घ्यायचंय आणि तुझा जीव खालीवर होतोय. 'दगडं फोडून पोट भरतं का?' असं विचारलंस. माझ्या वडिलांनी केळीच्या बागेत उभं राहून हेच विचारलं होतं, जरा जहाल शब्दांत. भरतं भो, पण उशिरा. एम.एस्सी., नेट, पीएच.डी., मग कंत्राटी प्रकल्प. तोवर बरोबरीच्यांची घरं बांधून झालेली असतात.

काम काय ते सांगतो. भारताची भूमी सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडली. खोलवर तापलेले खडक एका प्रचंड भेगेवरून दक्षिणेकडे वर रेटले गेले. तिला आम्ही मेन सेंट्रल थ्रस्ट म्हणतो. भागीरथीच्या खोऱ्यात तिच्यावरून वर जावं तसा खडक जास्त भाजलेला मिळतो! आधी गार्नेट, मग कायनाइट, त्याच्याही वर सिलिमनाइट, ही चढत्या उष्णतेत तयार होणारी खनिजं. थराचा कल कंपासने मोजायचा, दगडावर मार्करने दिशेचा बाण काढायचा आणि मगच हातोडा घालायचा. बाण काढायचा राहिला की नमुना बाद. पुढे त्याचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की गार्नेटच्या दाण्याच्या बाजूला ताणल्या गेलेल्या खनिजांची शेपटी कुठे वळलीय त्यावरून कुठली बाजू कुठे सरकली ते कळतं. शेपटीवरून पर्वताची चाल सांगायची! सुरुवातीला मला ती थापच वाटायची.

आपला सातपुडा मात्र हिमालयाचा धाकटा भाऊ नव्हे. इथला काळा पत्थर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याचे थर बहुतेक आडवेच, हिमालयासारख्या वळ्या नाहीत. डोंगर उचलला गेलाय तो भेगांवरून. साक्री-नंदुरबारकडे भिंतीसारख्या लांबच लांब टेकड्या दिसतात ना, ते डाइक, म्हणजे भेगांत थिजलेला लाव्हा. बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात. अशा भेगा उघडायच्या तर जमीन उत्तर-दक्षिण ताणली गेलेली हवी. तिकडे रेटा, इकडे ताण. आज मात्र इथेही रेटाच आहे. १९९७ चा जबलपूरचा भूकंप तसल्याच दाबाने झाला.

मी दिवाळीपर्यंत इथेच आहे. लेकीला पाठव, साक्रीचे डाइक दाखवतो, मग तिचं तिला ठरवू दे. पायात बूट हवेत, चपला नकोत. आणि तूही ये, गाडी चालवायला कुणीतरी लागेलच.

तुझा,
नाना