न बदललेल्या ओळी

इंदूर

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार. लिनक्स कर्नलचा, म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्याचा, हा पॅच (कोडमधला बदल) एवढासा, मग तपासायला इतका वेळ का, असं तू विचारलं होतंस. सांगतो.

पॅचमध्ये नवं काहीच नाही. मेमरीतल्या झोनच्या (विभागांच्या) सीमा ठरवून पानांच्या, म्हणजे मेमरीच्या ठरावीक छोट्या तुकड्यांच्या, नोंदी मांडणारं फंक्शन प्रत्येक आर्किटेक्चर (त्या त्या प्रोसेसरसाठीचा कोड) आपापल्या सोयीच्या जागी बोलावत आलं. ते आता सामायिक कोडमधून एकाच ठिकाणी बोलवायचं. आलेल्या ओळींपेक्षा गेलेल्या ओळी जास्त, बघून बरं वाटतं. पण मी वाचतोय तो जुनी जागा आणि नवी जागा यांच्या मधला, न बदललेला कोड. त्यातलं कोण स्ट्रक्ट पेजला, म्हणजे पानाच्या नोंदीला, ती भरायच्या आधीच हात लावतंय?

बूट होताना मेमरी मेमब्लॉककडे, म्हणजे सुरुवातीपुरत्या हिशेबनिसाकडे, असते. त्याच्याकडे मुख्य याद्या दोनच: मेमरी कुठे कुठे आहे, आणि त्यातली राखीव कोणती. मोकळं उरतं ते पुढे बडी ॲलोकेटरच्या, म्हणजे नंतर मेमरी वाटणाऱ्या कायमच्या कोडच्या, ताब्यात जातं. आपल्या सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाल्याशिवाय त्याच ओट्यांवर रात्रीच्या गराडूची (तळलेल्या कंदाची) कढई चढत नाही ना, तसंच. मधेच कुणी घुसलं की संपलं.

मोठ्या मशीनवर ही मधली वेळ आणखी लांबते. 4 केबीच्या पानामागे साधारण 64 बाइटचं एक स्ट्रक्ट पेज, म्हणजे 1 टीबीला 16 जीबी नुसत्या नोंदी! त्या सगळ्या एकाच सीपीयूने भरत बसायला नको म्हणून 2015 साली, लिनक्स 4.2 मध्ये, थोड्या आधी भरून बाकीच्या पुढे नोडनिहाय (नोड म्हणजे मेमरी आणि तिच्याजवळचे सीपीयू यांचा गट) थ्रेडवर सोपवायची सोय आली. त्यामुळे लॅपटॉपवर पॅच सुखरूप बूट झाला, याला मी काडीची किंमत देत नाही. कर्नल बांधताना डीबग-व्हीएम आणि डीबग-व्हीएम-पीजीफ्लॅग्ज हे तपासणीचे पर्याय लावले तर न भरलेल्या स्ट्रक्ट पेजचे सगळे बिट आधीच एक करून ठेवले जातात, आणि वेळेआधी त्यातले फ्लॅग (खुणेचे बिट) वाचणारा तिथल्या तिथे सापडतो. ती चाचणी झाल्याखेरीज ‘रिव्ह्यूड बाय’ खाली माझं नाव जाणार नाही. गडबड झाली तर ती कुणाच्या तरी सर्व्हरवर, कन्सोल उघडायच्या आधी होईल. त्या माणसाला काळा पडदा सोडून काहीच दिसणार नाही.

तुमच्याकडे दोन नोडचं मशीन आहे ना? त्यावर कर्नलच्या कमांड लाइनला मेमब्लॉक=डीबग देऊन बूट कर आणि लॉग पहिल्या ओळीपासून पाठव, काटछाट न करता. राखीव पट्टे कुठल्या क्रमाने येतात ते मला पाहायचंय. मर्ज विंडो (नवे बदल स्वीकारायचा काळ) उघडायच्या आत मिळालं तर फार बरं होईल.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास