शोरील नको, कच्चं फुटेज तपासा

संपादक महोदय,

खांद्यावर व्हीएचएसचा कॅमेरा घेऊन मी या धंद्यात आलो. शिकवणारं कोणी नव्हतं. उस्तादांच्या मागे वायरी गुंडाळत फिरायचं आणि ते चिडले की आपलं काय चुकलं ते ओळखायचं, हाच अभ्यासक्रम. त्यामुळे व्हिडिओग्राफरांना प्रशिक्षण आणि मान्यता हवी असं कोणी म्हटलं की आमच्या पिढीतले पुष्कळजण नाक मुरडतात. मी मुरडत नाही.

एका कुटुंबाने आजींची मुलाखत शूट करायला बोलावलं होतं. कॉलर माइक लावला, आवाजाचा मीटर हलताना दिसला, म्हणून हेडफोन बॅगेतच राहिले. घरी येऊन ऐकतो तर शब्दाशब्दावर घरघर. माइकची पिन सैल होती. पुन्हा येतो म्हणायला तोंड नव्हतं आणि महिन्याभरात आजी गेल्या. चित्र मात्र सुरेख आलं होतं! चूक सर्वस्वी माझी. पण रेकॉर्डिंग संपेपर्यंत हेडफोन कानावरून काढायचे नाहीत, हे मला तोवर कोणी सांगितलंही नव्हतं.

अलीकडे दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला गेलो. नव्या कॅमेऱ्यांची तोंडओळख झाली. शेजारच्या मुलाने विचारलं, "काका, परीक्षा कधी?" मी त्याला कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. सगळ्यांची प्रमाणपत्रं पहिल्याच सकाळी छापून तिथे ठेवली होती.

शोरील बघून मान्यता देणं हेही त्यातलंच. दोन मिनिटांची शोरील म्हणजे स्वतःच्या कित्येक वर्षांच्या कामातले वेचक क्षण, वर दणदणीत संगीत. त्याखाली खराब आवाज सहज लपतो. त्यापेक्षा उमेदवाराला अनोळखी खोलीत तासभर दोन माणसांचं बोलणं शूट करायला लावा आणि मेमरी कार्डावरचं सगळं फुटेज न कापता बघा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइटखाली शटर १/६० सेकंदावर ठेवलं तर चित्रात पट्टे सरकू शकतात. १/५० ठेवलं तर ते टळतात. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे पट्टे बऱ्याचदा कळतही नाहीत. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: खिडकीतला उजेड साधारण ५६०० केल्विनचा, पिवळ्या दिव्याचा ३२००. चेहरा या दोन्हींत सापडला तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसावं अशी कॅमेऱ्याची जुळणी, कशावर धरणार? आवाजाचे चढ मीटरवर शून्याच्या खाली, उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवलेत का, की कोणी खळखळून हसलं आणि आवाज फाटला? शेवटी परीक्षकाने एक कार्ड खिशात घालावं आणि म्हणावं, "हे हरवलं. आता?" ज्याने दोन कार्डांवर एकदमच रेकॉर्ड केलंय तो शांत बसेल.

कायद्याची सक्ती मात्र नको. अमेरिकेत व्यवसायासाठी ड्रोन उडवायला २०१६ पासून लेखी परीक्षा आहे, आणि ते योग्यच, ड्रोन डोक्यावर पडू शकतो. आमच्या ट्रायपॉडवरून तसं काही होत नाही. सक्ती आली की पाठोपाठ दलाल येतात. मान्यता ऐच्छिक ठेवा, पण दर काही वर्षांनी परीक्षा पुन्हा घ्या, आणि "इतकी वर्षं काम करतोय" या सबबीवर कोणालाही सूट देऊ नका.

पहिल्या तुकडीत मी बसतो. हेडफोन माझे मी आणीन.

– एक जुना व्हिडिओग्राफर