3 मीटर खोदून भूजल स्वच्छ ठरवणाऱ्या अहवालाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, जमीन व भूजल तपासणी विभाग

आत्ताच तुमच्या कार्यालयाचा फोन ठेवला. "तुमचा मुद्दा नोंदवून घेतलाय" हे पुन्हा ऐकायची ताकद नाही, म्हणून थेट तुम्हालाच लिहितो आहे. दुसऱ्या टप्प्याची तपासणी कशाशी खातात, हे निदान तुम्हाला तरी सांगावं लागू नये.

आम्ही विकत घेत असलेल्या गोदामाचा पहिल्या टप्प्याचा अहवालही तुमचाच. त्यात तुम्हीच लिहिलंय की मागच्या कोपऱ्यात जमिनीखाली पेट्रोलची टाकी आहे, त्याआधी तिथे ड्रायक्लीनिंग चालायचं, आणि शेजारच्या विहिरीत पाणी 7 मीटरवर आहे. म्हणूनच तर दुसऱ्या टप्प्यात बोअर घेऊन माती आणि पाणी तपासायचं ठरलं. बोअर घेतले कुठे, तर पुढच्या गेटपाशी. खोली 3 मीटर. आणि निष्कर्ष: "भूजल आढळले नाही, सबब भूजल प्रदूषणाची शक्यता नाही."

7 मीटरवरचं पाणी 3 मीटरवर कसं भेटणार, असं मी तुमच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना विचारलं.

"सर, पाणी लागलंच नाही, तर ते खराब कसं असेल?"

मला वाटलं थट्टा करताहेत. म्हटलं, कोटेशनमध्ये 10 मीटर आणि निरीक्षण विहिरी (भूजलाची पातळी मोजायला, नमुने घ्यायला) आहेत, पैसे त्याचे घेतलेत. कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "10 मीटर'पर्यंत' लिहिलंय सर. 3 त्यात येतंच ना." मागे कोणीतरी हसलं, तेही ऐकू आलं. टाकीपाशी का नाही खोदलं? "यंत्र तिकडे वळत नव्हतं." आणि वर, "माती बघितली की आम्ही. स्वच्छ होती, वाससुद्धा नव्हता." पेट्रोलमध्ये असणाऱ्या बेंझिन या विषारी रसायनासाठी पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. एवढंसं नाकाने कळत असेल तर प्रयोगशाळा बंद करा, ते नाकच भाड्याने द्या. शेवटी मला सल्ला मिळाला: "सर, तुम्ही फार निगेटिव्ह विचार करताय. रिपोर्ट क्लीन आलाय, लोकांना तोच हवा असतो."

मला क्लीन रिपोर्ट नको होता, खरा हवा होता. उद्या त्या जमिनीतून काही निघालं, तर साफसफाईचा खर्च माझ्या माथी येणार आहे, तुमच्या नव्हे.

माती तरी नीट तपासावी! तुमच्याच अहवालातल्या फोटोत ती उघड्या ट्रेमध्ये उन्हात पसरलेली आहे. सगळ्या बोअरची माती कालवून एकच नमुना केला आणि साध्या पिशवीत भरून पाठवला. बेंझिन उडून जातं म्हणून नमुना हवाबंद आणि थंड ठेवतात; नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याच्या तुमच्या ताबा-नोंदीच्या कागदावर तापमानाचा रकाना कोरा आहे. एवढं करून "बेंझिन आढळले नाही". कसं आढळणार, ते बिचारं वाटेतच उडालं. त्याच फोटोत मागे, भिंतीलगत, टाकीचा भरणा-पाइप झाकणासकट दिसतोय. फोटो काढणाऱ्याला दिसला, खोदणाऱ्याला नाही.

आणि ड्रायक्लीनिंगमध्ये कपडे धुवायला वापरतात ते परक्लोरोइथिलीन? ते पाण्याहून दीडपटीहून अधिक जड, खाली खाली उतरत जातं. 3 मीटरवर थांबून ते कुठवर गेलं हे कसं कळणार? (3 मीटरचा विषय पुन्हा काढतोय, कारण त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.) नकाशावर मात्र भूजलाच्या प्रवाहाचा झोकदार बाण काढलाय. दिशा ठरवायला किमान तीन विहिरींतली पाण्याची पातळी लागते. तुमच्याकडे एकही विहीर नाही. बाण निळा आहे, पाण्याशी त्याचा संबंध तेवढाच.

तुमचं नाव ऐकून आलो होतो, दर जास्त असूनही. आता टाकीलगत आणि ड्रायक्लीनिंगच्या जागी पाण्याखालपर्यंत बोअर घ्या, तीन निरीक्षण विहिरी करा, प्रत्येक नमुना वेगळा पाठवा. जादा पैसे मिळणार नाहीत, उरलेलं बिलही तोवर थांबवलंय. आठवड्यात लेखी उत्तर आलं नाही, तर दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवून माझा वकील आणि बँक तुमच्याशी बोलतील. आणि कृपा करून त्या अधिकाऱ्यांना मला फोन करायला लावू नका.

— गोदामाचा खरेदीदार