तिथे तुझं कोण आहे?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, हल्ली दर फोनवर तू विचारतेस, "तिथे तुझं कोण आहे गं?" मी "आहेत की सगळे" म्हणून वेळ मारून नेते. तुझं समाधान होत नाही, ते तुझ्या "बरं"वरूनच कळतं. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मध्यंतरी खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात घसरल्या. थोडक्यात निभावलं, मनगट तेवढं दुखावलं. त्यांना घेऊन मी दवाखान्यात गेले. तिथे फॉर्म भरताना नर्सने विचारलं, "तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं?" आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला. हीच येईल." मला विचारलंसुद्धा नाही! नात्याच्या रकान्यात नर्सने 'शेजारी' लिहिलं आणि पान उलटलं. मी मात्र उगाचच खूश होऊन पेन परत करायला विसरले.

इथे आल्यावर लोकांनी मला मदत पुष्कळ केली. घर शोधून दिलं, कागदपत्रांसाठी माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले. पण मदत घेणारा माणूस सारखा संकोचलेला असतो. ऊठसूट आभार मानायचे, कुणाला आपला त्रास होऊ नये म्हणून जपायचं. तो संकोच कधी गेला सांगू? लोक मला कामं सांगायला लागले तेव्हा. आता शेजारच्यांची जादा किल्ली माझ्या दाराशी खिळ्याला असते. दार जोरात लागलं की आजी खालून ओरडतात. पहिल्यांदा ओरडल्या तेव्हा वाटलं, चला, पाहुणचार संपला एकदाचा.

बाबा, तुम्हाला आकड्यांशिवाय काही पटत नाही, तेव्हा हे घ्या. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतंच गाव बदललेली माणसं आणि कॉलेजात नव्याने आलेली मुलं यांना विचारून त्यांनी हिशेब मांडला. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, आणि जिवलग व्हायला २०० तासांहून जास्त. त्यातही ऑफिसात शेजारी बसून काढलेले तास फारसे धरायचे नाहीत. हे मला अगदी पटलं. पण आजी कुठल्या हिशेबात बसतात? आमचं बोलणं जिन्यात, दोन-दोन मिनिटांचं. त्यावरही सँडस्ट्रॉम आणि डन या दोघी मानसशास्त्रज्ञांचा २०१४चा अभ्यास आहे: ज्या दिवशी अशा वरवरच्या ओळखीच्या माणसांशी जास्त बोलणं होतं, त्या दिवशी माणसाला आपलेपणाही जास्त वाटतो. म्हणजे मला धावत येताना बघून बस थांबवणारा ड्रायव्हरसुद्धा 'तिथे तुझं कोण' मध्ये धर, आई.

सगळं गोड आहे असं नाही. विनोद अजून मला क्षणभर उशिरा कळतात, आणि आडनावाची इथे जी गत होते ती बाबांनी न ऐकलेलीच बरी.

एक गोष्ट फोनवर बोलता आली नसती. मागच्या खेपेला तुमच्याकडे रात्री उठले, तर दिव्याचं बटण सापडेना. इथे अंधारात हात बरोबर जातो, तिथे भिंत चाचपत राहिले. आई, तू उठून आलीस आणि दिवा लावलास, एखाद्या पाहुण्यासाठी लावावा तसा. बोलली नाहीस काही. मला लागलं ते, तुलाही लागलं असणार. "माझं खरं घर तेच" असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते अर्धंच खरं होईल.

आणि आई, तूही लग्न होऊन परक्या घरात आलीसच ना? ते तुझं कधी झालं, कुणाच्या कशाने झालं, मी कधी विचारलंच नाही. आजीने पहिल्यांदा रागावलं तेव्हा, की तू उलट उत्तर दिलंस तेव्हा? सावकाश आठवून सांग. बाबांसमोर सांगायचं नसेल तर ते फिरायला गेल्यावर फोन कर.

तुम्ही इकडे कधी येणार, असं खालच्या आजी विचारत असतात. बाबांच्या गुडघ्यांचं कळल्यावर म्हणाल्या, जिने चढायचेच कशाला, माझ्याकडेच उतरू देत. तेव्हा बाबा, प्रवासाला चालेल का ते डॉक्टरांना विचारून ठेवा. म्हणजे मी तिकिटं बघते.

तुमची,
धाकटी