बदलीचा फॉर्म

धडगाव, रविवार

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

आई, फोनवर तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा "रेंज नाही" म्हणाले. रेंज होती. बदलीचा फॉर्म मी भरलाच नाही. बाबा, चिडू नका, आधी वाचा.

इथे 'अवघड क्षेत्रात', म्हणजे दुर्गम भागात, तीन वर्षं झाली म्हणून बदली मागायचा हक्क होता, मान्य. पण शहाद्याकडच्या शाळेत मी आधी काढलीच की वर्षं. त्यातली तीन शिक्षणसेवक म्हणून, महिना ६,००० मानधनावर. तुम्हाला वाटायचं, पोरगी पैशापायी सुकत चाललीय. पैशाचा त्रास होताच, नाही कशाला म्हणू? पण २०२२ला पूर्ण पगार सुरू झाला तरी सकाळी पोटात गोळा यायचाच. तिथले मुख्याध्यापक एकदाही माझ्या वर्गात येऊन बसले नाहीत. हजेरीवर लाल शेरा मारायला मात्र घड्याळ धरून उभे.

इथले मुख्याध्यापक सर पहिल्याच आठवड्यात वर्गात मागे पोरांमध्ये मांडी घालून बसले. मी घामाघूम. पोरं घरी पावरी बोलणारी, माझं मराठी त्यांच्या डोक्यावरून जात होतं. शाळा सुटल्यावर सर एवढंच म्हणाले, "मॅडम, खिडकीजवळची मुलगी आज तुमच्याकडे बघून हसली. तिच्याकडूनच शब्द शिका." दुसऱ्या दिवशी तेच वही घेऊन पोरांसमोर बसले. पाण्याला काय म्हणता, भाकरीला काय? सरांचा उच्चार चुकला की पोरं फिदीफिदी हसायची.

साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे, हे सरांनीच सांगितलं. तेव्हापासून व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज पोरांची एक बातमी असते. परवाची होती, "आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली. एक काळं." हे लिहिणारा पोरगा दिवाळीपर्यंत खडूला हात लावत नव्हता. मी तीनदा वाचलं. त्या दिवशी डबा खायचाही राहिला (आई, फक्त त्या दिवशी).

सर देव नाहीत. टाचण, म्हणजे रोजच्या पाठाची लेखी तयारी, नसलं तर दिवसभर तोंड फिरवून बसतात. कुटुंबं गुजरातेत कामाला निघाली की पोरांना थांबवायला रविवारीसुद्धा पाड्यावर पिटाळतात, त्यावरून आमचं कडाक्याचं वाजलंय. पण यू-डायसची, म्हणजे सरकारला ऑनलाइन द्यायची शाळेची, माहिती, पोषण आहाराचा हिशेब, वरून येणारे फोन, हे सगळं आधी ते अंगावर घेतात. मला शिकवायला वेळ उरतो. नोकरीत एवढं मिळतं हे मला ठाऊकच नव्हतं.

बाबा म्हणतील, माणूस बदलला की मग? बरोबर आहे. सर दोन वर्षांनी रिटायर होतील. तेव्हा कदाचित भरेन फॉर्म.

कळण्याचं पीठ संपलंय, दळून ठेव. शनिवारी सकाळची शाळा सुटली की म्हसावदमार्गे येते. बाबा, रागवायचं असेल तर समोरासमोर रागवा, पण जेवण झाल्यावर.

तुमची,
ताई